आधी मुद्दल मागा

सांगलीहून एक निवृत्त वाचक विचारतात: मुलगी बी.कॉम. झाली, तिला आर्थिक गुन्हे आणि घोटाळ्यांच्या तपासाचा २ वर्षांचा अभ्यासक्रम करायचाय. फी ६ लाख. ठेव मोडू की शैक्षणिक कर्ज काढू? आणि जाता जाता एक ओळ: "फीची तशी काळजी नाही, ओळखीच्या एकाकडे ८ लाख ट्रेडिंगला दिलेत, १० महिने झाले, दर ५ तारखेला ३ टक्के येतात. मेव्हण्यांचेही ३ लाख तिथेच लावून दिले."

साहेब, काळजी तिथेच आहे!

महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६. ज्याला खरंच एवढं कमावता येतं, तो बँकेचं १४ टक्क्यांचं कर्ज काढेल, तुमच्या दारात कशाला येईल? आतापर्यंत मिळालेले २ लाख ४० हजार व्याज समजू नका. बहुधा तुमचेच पैसे तुम्हाला परत येताहेत, अजून ५ लाख ६० हजार त्याच्याकडे आहेत. १९२० साली बॉस्टनच्या चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के कबूल केले होते आणि जुन्यांना नव्यांच्या पैशातून देत होता. मुलीला हा धडा लवकरच असेल.

"५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलंय, पुढच्या तारखेचा चेकही आहे," असं लिहिता. खात्यात पैसे नसले तर तो चेक म्हणजे कोर्टाच्या तारखा.

या आठवड्यात सगळी मुद्दल लेखी मागा, मेव्हण्यांनाही मागायला लावा. कारण मुलीची फी सांगा, खोटं नाहीच. "मार्केट पडलंय, पुढच्या महिन्यात बघू" असं उत्तर आलं, तर कागद घेऊन पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. ठेवीदारांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त होते. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा केंद्राचा कायदा २०१९ चा. आणखी कुणाला तिथे नेऊ नका, जाणूनबुजून खोटं सांगून किंवा माहिती लपवून अशा योजनेत माणसं ओढणंही त्यात गुन्हा आहे.

आता अभ्यासक्रम. विषय चांगला, पण माहितीपत्रकातल्या "१०० टक्के प्लेसमेंट"वर जाऊ नका, मागच्या बॅचच्या ५ मुलांचे नंबर मागा. सीएफई (सर्टिफाइड फ्रॉड एग्झामिनर) हे घोटाळे तपासणाऱ्यांचं नावाजलेलं प्रमाणपत्र नुसत्या परीक्षेवर मिळत नाही, २ वर्षांचा संबंधित अनुभव लागतो. म्हणजे पहिली नोकरी साध्या ऑडिटची असेल, पगारही तसाच.

ठेव मोडू नका, कर्ज काढा. मुलगी नोकरीला लागली की हप्ते तिने भरावेत. फक्त त्या ट्रेडिंगवाल्याकडून दरमहा २४ हजार येतील असं धरून अर्जात एकही आकडा लिहू नका.