एआय एजंटला माझ्या डिसेंट्रालँडच्या जमिनीवर इमारत बांधू द्यावी का?

खुशाल बांधू द्या, फक्त वॉलेटची चावी, म्हणजे तुमची मालमत्ता हलवू शकणारी गुप्त प्रायव्हेट की, त्याच्या हातात देऊ नका. डिसेंट्रालँड या ब्लॉकचेनवरच्या आभासी जगात तुमची चार पार्सलं (जमिनीचे तुकडे) आहेत आणि बिल्डरला पैसे देण्याऐवजी एजंटकडून इमारत करून घेतली तर पैसे वाचतील का, असं तुम्ही विचारलंय. पैशांचं नंतर बघू. आधी चावीचं बोलतो, कारण त्यावरून माझं आणि माझ्या एका भागीदाराचं जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही.

आमची वाटणी साधी होती: जमीन त्याची, बांधकाम माझं. त्याच्या नऊ पार्सलांवर मी एक चित्रदालन उभं केलं होतं. सगळी मॉडेल्स ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हातानं केलेली, भिंतींना मिळून एकच टेक्स्चर (पृष्ठभागावरचं चित्र), ट्रायंगलचा, म्हणजे मॉडेल ज्या त्रिकोणांचं बनतं त्यांचा, हिशोब खोलीगणिक. लागूनच त्याची आणखी चार पार्सलं मोकळी होती. तिथे त्याला टॉवर हवा होता आणि तो त्यानं एजंटकडून करून घ्यायचं ठरवलं. मला काहीच हरकत नव्हती. मी एवढंच म्हणालो, की एजंटसाठी वेगळा पत्ता काढ आणि त्या चार पार्सलांपुरतंच त्याला अपडेट ऑपरेटर कर. हा अधिकार लँडच्या कॉन्ट्रॅक्टमध्येच, म्हणजे जमिनीची मालकी सांभाळणाऱ्या ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रॅममध्येच आहे. ऑपरेटरला सीन (बांधकामाच्या फाइलींचा संच) टाकता येतो, पण जमीन विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि अधिकार कधीही काढून घेता येतो. त्याचं उत्तर: “मग ऑटोमॅटिक काय राहिलं?” आणि मूळ वॉलेटची प्रायव्हेट की त्यानं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे एजंटला वाचता येणाऱ्या सेटिंगमध्ये, टाकून दिली.

एजंटनं टॉवर केला. दिसायला देखणा होता, हे मान्य. पण बाल्कन्या हद्दीबाहेर गेल्या. एक पार्सल १६ मीटर बाय १६ मीटरचं, त्याबाहेर काही गेलं की प्रिव्ह्यूमध्ये लाल दिसतं. माणसानं बाल्कनी कापली असती. एजंटनं सीनच्या फाइलमध्ये शेजारची दोन पार्सलं जोडली. लाल गेलं, काम झालं! त्याच्या हिशोबानं यात वावगं काहीच नव्हतं, कारण ज्या वॉलेटनं सही होणार होती त्याच्याच मालकीची ती पार्सलं होती. सर्व्हरनं मालकी तपासली आणि सीन स्वीकारला.

इथलं एक गणित बऱ्याच जणांना माहीत नसतं. जमिनीची मालकी ब्लॉकचेनवर असते, इमारत नसते. इमारत म्हणजे कंटेंट सर्व्हरवरच्या फाइली, आणि नवा सीन जुन्या सीनच्या एका जरी पार्सलवर आला तरी जुना अख्खा उतरतो. दोन पार्सलांसाठी माझं नऊ पार्सलांचं दालन गेलं. अनडू नावाचं बटण तिथे नाही. माझ्याकडे गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) सगळं होतं म्हणून ते परत उभं राहिलं. भागीदाराचं म्हणणं आजही तेच, की एजंट बिघडला. एजंट अजिबात बिघडला नव्हता. त्याला जेवढं दिलं होतं तेवढं त्यानं वापरलं.

आता तुमच्या टॉवरबद्दल, म्हणजे तो टॉवरच असेल असं धरून. चार पार्सलांना ४०,००० ट्रायंगल आणि सुमारे ४६ मीटर उंची मिळते. पार्सलं वाढली तरी उंची त्या पटीत वाढत नाही, ती लॉगॅरिदमनं वाढते. हे आकडे एजंटला पहिल्याच सूचनेत द्या, नाहीतर तो कुठून तरी फुकटचं मॉडेल उचलतो आणि एका सोफ्यातच निम्मं बजेट संपतं. दुसरं म्हणजे कोलायडर, वस्तूला भरीवपणा देणारा अदृश्य आकार. भागीदाराच्या टॉवरचा जिना सुरेख होता, फक्त त्यावर चढता येत नव्हतं. पाय थेट आरपार जात होते. एजंटचा अहवाल मात्र “सर्व मजले कार्यरत” असा. त्याला स्क्रीनशॉट कळतो, चालणं कळत नाही. खोल्यांचंही तेच. तो खऱ्या घरांची मापं वापरतो, पण इथे कॅमेरा अवताराच्या पाठीमागे असतो, त्यामुळे खऱ्या मापाची खोली कोंदट वाटते आणि कॅमेरा सारखा भिंतीत घुसतो. छत आणि दारं मोठी ठेवायला सांगा, आणि प्रत्येक मजला स्वतः चालून बघा.

दरवाजे, लिफ्ट, बटणं, टाइमर असला कोड मात्र एजंट झकास लिहितो. तिथे बिल्डरला पैसे देणं मलाही पटत नाही, आणि मी स्वतः बिल्डर आहे. बाकी बचतीचं म्हणाल तर पहिला आराखडा स्वस्तात पडतो आणि तो मर्यादेत बसवताना वेळ जातो. तो वेळ कुणाचा, यावर सगळं अवलंबून.

भागीदाराचा आणखी एक सिद्धांत होता, की रिकाम्या पार्सलपेक्षा कसलीही इमारत असली तरी भाव येतो. मला हे साफ चुकीचं वाटतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये फॅशन डिस्ट्रिक्टमधला तुकडा ६,१८,००० मानाला (माना हे डिसेंट्रालँडचं चलन) गेला तेव्हा त्यावर देखणी इमारत होती म्हणून गेला नव्हता. तेव्हा जागेचीच हवा होती. आज लोक येत नाहीत ते इमारती कमी आहेत म्हणून नाही, तिथे करण्यासारखं काही नसतं म्हणून. एजंटनं रातोरात दहा टॉवर उभे केले तरी त्यात फरक पडायचा नाही. तुमचा हेतू भाव वाढवण्याचा असेल, तर एजंट काय आणि बिल्डर काय, दोन्ही खर्च वायाच.

हे सगळं डिसेंट्रालँडपुरतं आहे हं. सँडबॉक्स या दुसऱ्या आभासी जगात एक लँड ९६ मीटर बाय ९६ मीटरचा असतो, मॉडेल्स व्हॉक्सेलची (छोट्या ठोकळ्यांची), साधनं वेगळी. वरचे आकडे तिथे लावू नका. आणि ऑपरेटर नेमायला एकदा गॅस (ब्लॉकचेनवरचं व्यवहार शुल्क) भरावा लागतो, सीन टाकायला लागत नाही. तुमच्याकडे डिसेंट्रालँडचं नेम (तिथे नोंदवलेलं स्वतःचं नाव) असेल तर एजंटचं काम आधी वर्ल्डमध्ये, म्हणजे त्या नेमला मिळणाऱ्या जमिनीपासून वेगळ्या जागेत, टाकून बघा. तिथे कितीही गोंधळ झाला तरी जमिनीवरचं काही हलत नाही. माझ्या भागीदाराकडे अशी दोन नेम नुसती पडून होती.