वासरांची हगवण आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू: पशुपालकांच्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार. अलीकडे आलेले बरेचसे प्रश्न एकाच मुद्द्याभोवती फिरतात, म्हणून उत्तरे एकत्र देत आहे.

पहिला प्रश्न एका ताईंचा: "वासरू जन्मून दोन-तीन दिवस झाले की पांढरट पिवळी, पाण्यासारखी हगवण लागते. पूर्वी प्रतिजैविकाच्या गोळीने फरक पडायचा, आता पडत नाही. औषध बनावट येतंय का?"

ताई, औषधात खोट असू शकते, पण आधी जिवाणू काय आहे ते समजून घ्या. पहिल्या चार-पाच दिवसांतल्या अशा हगवणीमागे बऱ्याचदा ई. कोलाय असतो. हा जिवाणू प्रत्येक जनावराच्या आणि माणसाच्या आतड्यात असतोच, आणि बहुतेक ई. कोलाय निरुपद्रवी असतात. हगवण लावणाऱ्या ई. कोलायकडे दोन जादा गोष्टी असतात. एक, अंगावरचे केसासारखे बारीक तंतू. वासरांत आढळणाऱ्या तंतूंना एफ-५ म्हणतात, जुने नाव के-९९. या तंतूंनी तो लहान आतड्याच्या भिंतीला घट्ट चिकटतो. दुसरी गोष्ट म्हणजे विष. या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार आणि पाणी आतड्याच्या पोकळीत सोडत राहतात. जिवाणू चिकटला नाही तर आतड्याच्या हालचालीबरोबर पुढे वाहून जातो आणि विषाचा तडाखा बसत नाही.

वासरू दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे आणि रक्तातले आम्ल वाढल्यामुळे. या विषाने आतड्याची भिंत फारशी फाटत नाही, त्यामुळे ग्लुकोज आणि मीठ एकत्र दिले तर ते शोषले जाते आणि त्यांच्याबरोबर पाणीही आत ओढले जाते. म्हणून हगवणीत पहिला उपचार क्षार-साखरेचे पाणी, गोळी नंतर. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच पूर्ववत झाली नाही, डोळे खोल गेलेले दिसले, तोंडात बोट घातल्यावर वासरू चोखत नसेल किंवा तोंड गार लागत असेल, तर वेळ दवडू नका. न चोखणाऱ्या वासराला बाटलीने जबरदस्ती पाजू नका, फुप्फुसात पाणी जाईल. त्याला शिरेतून सलाईन लागते आणि ते पशुवैद्यकांनीच लावायचे. चोखणाऱ्या वासराचे दूध बंद करू नका. क्षाराचे पाणी दोन दुधांच्या मधल्या वेळेत द्या, दुधात मिसळून नको.

आता गोळीकडे येऊ. हगवण पहिला आठवडा उलटल्यावर लागली असेल तर मागे अनेकदा रोटाव्हायरस, कोरोनाव्हायरस किंवा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी असतो. रोटा आणि कोरोना हे विषाणू आहेत, त्यांवर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही. क्रिप्टोस्पोरिडियमवर आपली नेहमीची प्रतिजैविके निरुपयोगी आहेत. ताप, सुस्ती, शेणात रक्त किंवा रक्तात जिवाणू उतरल्याची शंका असेल तर मात्र प्रतिजैविक हवेच. पण ते कोणते, हे पशुवैद्यकांनी ठरवायचे.

गोळी का चालत नाही, याचे उत्तर जनुकांत आहे. ई. कोलायच्या मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्याकडे डीएनएची छोटी गोल कडी असू शकते, तिला प्लास्मिड म्हणतात. एक जिवाणू शेजारच्या जिवाणूला चिकटून या कडीची प्रत त्याला देऊ शकतो, आणि घेणारा वेगळ्या जातीचा असला तरी चालते. औषधाला दाद न देण्याची जनुके बऱ्याचदा या कडीवरच असतात, आणि चार-पाच वेगवेगळ्या औषधांची जनुके एकामागे एक लागलेली सापडतात. चिकटण्याचे तंतू आणि विष यांची जनुकेही पुष्कळदा प्लास्मिडवरच असतात. विल्यम्स स्मिथ आणि लिंगूड या इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९७१ मध्ये डुकरांच्या पिलांवर हे दाखवले. तंतूंचे प्लास्मिड काढून घेतले की रोग लावणारा ई. कोलाय पिलांत हगवण लावेनासा झाला.

माझा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे. रोग लावण्याची ताकद आणि औषध पचवण्याची ताकद कित्येकदा एकाच जिवाणूत, कधी कधी एकाच कडीवर असतात. आपण गरज नसताना प्रतिजैविक देतो तेव्हा आतड्यातले साधे, निरुपद्रवी जिवाणू मरतात आणि त्यांची जागा असा जिवाणू घेतो. म्हणजे अनाठायी डोसाने औषध बोथट होतेच, शिवाय रोग लावणाऱ्या वाणालाच आपण मोकळे रान देतो. कोंबड्यांतही हेच दिसते. कोंबड्यांना आजारी पाडणाऱ्या ई. कोलायमध्ये कोल-व्ही नावाचे प्लास्मिड वारंवार सापडते. त्यावर रक्तातले लोह ओढून घेण्याची आणि शरीराच्या संरक्षणातून निभावण्याची जनुके असतात, आणि त्याच प्लास्मिडवर टेट्रासायक्लिनसारख्या औषधांना दाद न देणारी जनुकेही अनेकदा आढळतात.

दुसरा प्रश्न एका कुक्कुटपालकाचा: "खाद्यातले औषध बंद केले तर जिवाणू पुन्हा पूर्वीसारखे होतील का?"

बहुतेकदा प्रमाण घटते, पण किती आणि कधी, ते जनुकांच्या साखळीवर ठरते. डेन्मार्कमध्ये जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात ॲव्होपार्सिन देत. त्यामुळे आतड्यातल्या एन्टेरोकॉकस जिवाणूंत व्हॅन्कोमायसिनला दाद न देणारे जनुक पसरले, आणि व्हॅन्कोमायसिन हे माणसांच्या गंभीर आजारांत लागणारे औषध. १९९५ मध्ये तिथे ॲव्होपार्सिनवर बंदी आली. ब्रॉयलर कोंबड्यांमधल्या एन्टेरोकॉकस फेशियममध्ये असे प्रतिरोधक जिवाणू तेव्हा सुमारे ७३ टक्के होते, ते २००० पर्यंत सुमारे ६ टक्क्यांवर आले. डुकरांत मात्र आकडा हलेना. तपासल्यावर कळले की व्हॅन्कोमायसिनविरोधी जनुक आणि टायलोसिनसारख्या औषधांविरोधी जनुक एकाच प्लास्मिडवर होते. डुकरांना टायलोसिन चालूच असल्याने दोन्ही जनुके टिकून राहिली. १९९८ मध्ये तो वापरही घटला, तेव्हा प्रतिरोधक जिवाणू कमी होऊ लागले. म्हणून एक औषध बंद करून त्याच्या जागी दुसरे सुरू केले, तर सुटका होईलच असे नाही.

प्लास्मिड टिकून राहायला आणखी एक कारण आहे. काही प्लास्मिडांवर एक विष आणि त्याचा उतारा अशी जोडी असते. जिवाणूने प्लास्मिड गमावले की उतारा लवकर संपतो, विष मागे उरते आणि तो जिवाणू मरतो किंवा त्याची वाढ खुंटते.

कोलिस्टिनबद्दलही याच बंधूंनी विचारले आहे. इतर औषधे थकली की माणसांना जे देतात, त्यातले हे एक. त्याला दाद न देणारे एमसीआर-१ हे प्लास्मिडवरचे जनुक चीनमध्ये जनावरांत, मांसात आणि रुग्णांत सापडल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. पुढे चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी खाद्यात त्याचा वापर थांबवला आणि भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांसाठी व कोंबड्यांसाठी त्यावर बंदी घातली. ते कुणी देऊ केले तरी घेऊ नका.

तिसरा प्रश्न: कासदाहावर उपचार चालू असलेल्या गाईचे दूध विकता येत नाही, ते वासराला पाजावे का? नको. त्यातल्या औषधामुळे वासराच्या शेणात प्रतिरोधक ई. कोलाय वाढतात. उकळल्याने जिवाणू मरतील, पण बहुतेक प्रतिजैविके त्यात शाबूत राहतात.

चौथा प्रश्न शेणखत आणि घरच्या माणसांबद्दल आहे: जनावरांतले हे जिवाणू माणसांपर्यंत पोचतात का? अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांच्या चमूने १९७६ मध्ये एका शेतावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. कोंबड्यांना टेट्रासायक्लिन मिसळलेले खाद्य दिल्यावर साधारण आठवड्यात त्यांच्या आतड्यातले जवळपास सगळे ई. कोलाय प्रतिरोधक झाले, आणि काही महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांतही असे जिवाणू वाढले. खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांनी त्यातल्या बहुतेकांत ते आढळेनासे झाले. हे ऐकून घाबरू नका, पण गोठ्यातून आल्यावर साबणाने हात धुवा, गोठ्याची पादत्राणे घरात आणू नका आणि हगवण लागलेल्या वासराजवळ लहान मुलांना जाऊ देऊ नका. ताजे शेण भाजीला घालू नका. शेणखताचा ढीग ५५ अंश सेल्सिअसच्या वर किमान १५ दिवस तापला पाहिजे आणि त्या काळात पाच वेळा उलटला पाहिजे, असा एक रूढ निकष आहे. याने जिवाणू खूप कमी होतात, जनुकांचे तुकडे मात्र काही प्रमाणात उरतात.

हगवण टाळायची तर चिकाला पर्याय नाही. जन्मानंतर शक्यतो दोन तासांत चीक पाजा आणि वासराच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका पोटात जाऊ द्या, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर. चिकातली प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासातासाने घटते आणि चोवीस तासांत जवळजवळ संपते. गाभण गाईला विण्याआधी के-९९ विरोधी लस दिली तर चिकातून तंतूंविरुद्धची प्रतिपिंडे वासराला मिळतात आणि जिवाणूला चिकटायला जागाच उरत नाही. लस कोणती आणि कधी द्यायची, ते पशुवैद्यकांना विचारा.

ताई, पुढच्या वासराला हगवण लागली तर पहिली गोळी देण्याआधी शेणाचा नमुना घ्या. तो थेट गुदद्वारातून स्वच्छ बाटलीत घ्यायचा, जमिनीवरचा उचलायचा नाही. बाटलीवर वासराचे वय आणि आधी काही औषध दिले असल्यास त्याचे नाव लिहा, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा आणि जिवाणू कोणता व त्यावर कोणते औषध चालते, या दोन्ही तपासण्या मागा. निकाल येईपर्यंत क्षाराचे पाणी चालू ठेवा.