कोणाला वाचवलंस, ते विचारा

प्रश्न : ताई, आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतो. मुलगा १८ वर्षांचा आहे. परीक्षा संपल्यापासून दार लावून 'द विचर ३' हा व्हिडिओ गेम खेळत बसतो. परवा जेवताना अगदी गप्प होता. खोदून विचारलं तर म्हणाला, "आई, मी लहान मुलांना वाचवलं, पण त्यापायी एक बाई मेली आणि तिच्या नवऱ्याने फास लावून घेतला." मला धस्स झालं. हा कसला खेळ? बंद करायला लावू का?

उत्तर : नका लावू. त्याचा घास अडला, हे मला तर चांगलं लक्षण वाटतं.

२०१५ साली पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने काढलेला हा गेम आहे. तुमचा मुलगा सांगतोय तो प्रसंग व्हेलन नावाच्या, लढाईने होरपळलेल्या दलदलीच्या मुलखातला. एका झाडाखाली कोंडलेला आत्मा म्हणतो, मला सोडव, मी अनाथ मुलांना चेटकिणींपासून वाचवतो. सोडवलं तर मुलं वाचतात, पण तोच आत्मा जवळच्या गावात कत्तल करतो. मुलांना सांभाळणाऱ्या ॲनावर चेटकिणी सूड उगवतात, ती मरते आणि तिचा नवरा गळफास घेतो. आत्म्याला मारलं तर मुलांचा जीव जातो. ॲना वाचते, पण भ्रमिष्ट होते. शिवाय हा नवरा दारू पिऊन तिला मारायचा, म्हणून तर ती घरातून पळालेली. कोणाची कीव करायची, सांगा. परिणाम बऱ्याच वेळाने कळतात, त्यामुळे मागे जाऊन चूक दुरुस्त करणंही सोपं नसतं. मुलगा ते ओझं घेऊनच ताटावर बसला होता.

माझी लेक हा गेम खेळायची तेव्हा मी शेजारी मटार सोलत बसायचे. काही संवादांत उत्तर निवडायला थोडेच क्षण मिळतात आणि पडद्यावरची पट्टी भराभर आखडत जाते. "आई, आत्ता बोलू नकोस!" म्हणून ती ओरडायची. मग निर्णय झाला की निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी करत मला पटवायला लागायची. एकदा अडली. "दोन्हीकडून चूकच होणार असते, त्याला काय म्हणतात?" मी म्हटलं, धर्मसंकट. महिन्याभराने मैत्रिणीच्या भाड्याच्या भांडणाबद्दल फोनवर बोलताना तोच शब्द तिच्या तोंडून आला. परदेशातल्या आपल्या मुलांना 'जेवलास का, झोपलास का' यापलीकडचं मराठी वापरायला घरात निमित्तच उरत नाही. तुम्हाला ते आयतं मिळालंय. "किती वेळ खेळतोस?" हा प्रश्न आज राहू दे. "तुझ्या जागी मी काय केलं असतं, सांगू?" असं म्हणून बघा. तुमचं उत्तर त्याला पटणार नाही, आणि मग तो बोलेल.

दोन गोष्टी मात्र कडकपणे पाळा. या गेमला पेगीचं, म्हणजे युरोपात गेम्सना वयोमर्यादा ठरवून देणाऱ्या पद्धतीचं, १८ वर्षांचं मानांकन आहे. त्यात रक्तपात, नग्नता आणि शिव्या आहेत. घरात धाकटं भावंड असेल तर ते त्या खोलीत नको. दुसरं, जेवायला ऐनवेळी हाक मारून लगेच उठायला लावू नका. लढाई किंवा संवाद चालू असताना गेम सेव्ह करता येत नाही. दहा मिनिटं आधी सांगा, आणि मग पोळी गार होईपर्यंत वाट पाहायची नाही. मुख्य कथाच सुमारे ५० तासांची आहे, तेव्हा रात्रीची वेळ त्याच्याशी बोलूनच ठरवा.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी. हा गेम मुळात बाप आणि लेकीचा आहे. खेळणारा ज्याच्या भूमिकेत असतो, त्या गेराल्टने सिरी नावाच्या मुलीला पोटच्या लेकीसारखं वाढवलंय. ती शेवटी जगते की नाही, हे तलवारीवर ठरत नाही. ती खचलेली असताना तो तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळला का? बड्या जादूगारणींनी तिला बोलावलं, तेव्हा तिला एकटीला आत जाऊ दिलं, की "मीही येतो" म्हणून मागे लागला? अशा लहान लहान प्रसंगांची बेरीज होते. काळजीपोटी सोबत जाणाऱ्या बापाच्या खात्यात तिथे वजाबाकी पडते. हे कळल्यावर मी मटार तसेच ठेवून बराच वेळ बसले होते.

हे मुलाला आधी सांगू नका बरं. त्या दारापाशी तो पोचेल, तेव्हा शेजारी बसा आणि काय निवडतो ते बघा.