कारखाने नदीला चिकटून का नाहीत?

प्रश्न: सातपूर एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. पोरगा विचारतो, पूर्वीचे कारखाने नदीकाठीच असायचे ना, मग आपले गोदावरीला चिकटून का नाहीत? – एक वाचक, नाशिक

उत्तर: पोरगा हुशार आहे तुमचा! तेव्हा मशिन फिरवायला वाहतं पाणीच लागायचं. 1771 मध्ये आर्कराईट नावाच्या उद्योजकाने इंग्लंडात क्रॉमफर्डला सूतगिरणी काढली ती पाण्याच्या चाकावर, आणि पाणी काय उचलून शहरात नेता येत नाही, म्हणून गिरणीच दरीत गेली, मजुरांना घरंही तिथेच बांधून द्यावी लागली. मग वाफेचं इंजिन आलं आणि नदीची बांधिलकी सुटली, पण कोळसा हवा. मुंबईजवळ कुठे कोळशाची खाण आहे? तरी गिरण्या चालल्या, कारण कोळसा बोटीने यायचा.

खरी गंमत विजेची. वाफेवर अख्ख्या गिरणीला एकच इंजिन, छताखाली लांबलचक शाफ्ट म्हणजे फिरणारा दांडा, त्यावरून प्रत्येक मशिनला पट्टा, म्हणून सगळं जवळजवळ, मजल्यावर मजला. आता तुमच्या लेथला स्वतःची मोटर आहे, त्यामुळे गावाबाहेर स्वस्त जागेत ऐसपैस बैठी शेड टाकली तरी चालतं, वायर पोचली की झालं. कोळशाचं लफडं संपलं असं मात्र नाही, ते एकलहऱ्याच्या वीज केंद्राकडे गेलं, त्याला मालगाडीने येणारा कोळसाही लागतो आणि भरपूर पाणीही. पोराला एकदा तिकडच्या चिमण्या दाखवून आणा.