ठिसूळ पुस्तक घरी द्यावं का?

ताई, १९१५च्या आसपासचं पुस्तक एक अभ्यासू सभासद आठवडाभर घरी मागताहेत आणि कार्यकारिणीत दोन तट पडलेत, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत सांगते: घरी देऊ नका, पण कपाटात कोंडूनही ठेवू नका.

आधी एक गैरसमज. जुनं म्हणजे नाजूक, असं नसतं. दोनशे वर्षांपूर्वीची हातकागदाची पोथी अजून मऊ लागते आणि १९१५ची कादंबरी हातात चुरते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला, त्यात तुरटी आणि राळ घालत. त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे तंतू आतून तोडत राहतं. आपल्याकडची दमट हवा त्याला हातभारच लावते. म्हणून छपाईचं साल बघून ठरवू नका, कागद बघा. शेवटच्या कोऱ्या पानाचा अगदी टोकाचा कोपरा एकदा पुढे, एकदा मागे दुमडा. तेवढ्यात तुटला तर ते पुस्तक देवघेवीतून काढा आणि दाखल नोंदवहीत तसा शेरा लिहा.

आमच्या वाचनालयानं एकदा जुलैत असं पुस्तक घरी दिलं होतं. वाचकानं पावसापासून जपायला प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं आणि आत बुरशी धरली. सुटलेली पानं त्यांनी प्रेमानं सेलोटेपनं चिकटवली होती. त्या टेपचे तपकिरी डाग आता कशानंच जात नाहीत. त्या माणसाची चूक नव्हती, आम्हीच त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या सभासदांना वाचनालयातच टेबलावर बसवा. पुस्तक सपाट उघडू देऊ नका, दोन्ही बाजूंना घडी घातलेलं जाड कापड ठेवा. झेरॉक्स नको, काचेवर दाबताना पुठ्ठाबांधणीचा कणा मोडतो. खिडकीजवळच्या उजेडात वरून मोबाईलनं फोटो काढा. लेखकाला जाऊन साठ वर्षं उलटली असतील तर कॉपीराइटचा, म्हणजे प्रत काढण्याच्या हक्काचा प्रश्न बहुधा उरत नाही. हक्क शिल्लक असला आणि पुस्तक भारतात विकत मिळत नसलं, तरी सार्वजनिक वाचनालयाला स्वतःच्या वापरासाठी तीन प्रतींपर्यंत मुभा कायद्यात आहे.

मूळ पुस्तक सुती कापडाच्या बासनात बांधून भिंतीपासून दूर, आडवं ठेवा. फाटलेल्या पानांना हात लावायचाच असेल तर गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ जपानी कागद, दुसरं काही नको. तेही आत्ता पावसाळ्यात नाही, ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की करा.