सुरंगीची लागवड परवडते का? किती वर्षांनी फुलं येतात?

तुम्ही विचारलंय की सावंतवाडीकडे 20 गुंठे पडीक जमीन आहे, सुरंगी, म्हणजे गजऱ्याच्या सुवासिक फुलांचं झाड, लावली तर कितव्या वर्षी पैसे सुटतील, की घरचे म्हणतात तशी काजूच लावावी.

सुरंगी लावा. बियांपासून केलीत तर 10 वर्षांच्या आत फुलांची आशा धरू नका. एवढंच लिहून थांबणार होतो, पण ‘घरचे म्हणतात काजू’ हे वाचलं आणि राहवलं नाही.

वेंगुर्ल्याजवळ आमच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या वाडीत, दोन सुरंगी होत्या. विहिरीकडची फळं धरायची, पोरं ती चोखत फिरायची. पाणंदीकडचीला कधी एक फळ लागलं नाही. धाकटे काका तिला ‘वांझ’ म्हणायचे. आजोबा गेले आणि काकांनी ती तोडून तिथे ‘वेंगुर्ला-7’ काजूची कलमं लावली. सुरंगीत नर झाडं वेगळी असतात, कोकमासारखीच. ज्याच्या घरामागे कोकमाची झाडं आहेत त्याला हे कुणी सांगायचं? नराला फळ धरत नाही, पण भरपूर फुलं तोच देतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानांखालच्या जुन्या लाकडावर कळ्यांचे असे घोस यायचे की फांदीची साल दिसायची नाही. विहिरीकडच्या झाडाला त्याच्या पासंगालाही पुरतील एवढी फुलं नसायची.

ते झाड आम्ही गावातल्या एका कुटुंबाला अर्धेलीने, म्हणजे निम्म्या वाट्याने, दिलेलं होतं. उजाडायच्या आधी खाली जुनी लुगडी पसरायची, दोघं वर चढायचे आणि कळ्या ओरबाडून खाली टाकायचे. ऊन चढलं की कळी फुलते, मधमाश्या येतात आणि वळेसराचा, म्हणजे गजऱ्याचा, माल हातचा जातो. जे वळेसरात जायचं नाही ते उन्हात वाळवायचं. वाळली तरी वास जात नाही, म्हणून अत्तरवाले व्यापारी सुकी कळी घेतात. आमच्या घराला मार्चचा खर्च त्या झाडाने सोडवलेला मी पाहिलाय. तरी काकांचं एकच, “फुला खावन पोट भरता काय?”

तर तुमचं. रोप घेताना कलमच घ्या, तेही भरपूर फुलणाऱ्या नर झाडाची काडी घेऊन बांधलेलं. बियाणाचं रोप नर निघेल की मादी, ते फुलेपर्यंत कळत नाही, आणि रोपवाटिकेतला माणूस छातीठोकपणे सांगत असेल तर तो थापा मारतोय. कलमाला फुलंही लवकर येतात. उघड्या कातळावर लावू नका, खोल माती आणि आसपास थोडी सावली असलेली जागा बघा. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावं लागेल. झाड मोठं होतं, 30 फुटांच्या आत दुसरं नको. म्हणजे 20 गुंठ्यात फार झाडं बसणारच नाहीत.

किती पैसे सुटतील ते विचारू नका. हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, भाव दर वर्षी वेगळा, आणि एक ढगाळ आठवडा सगळं बिघडवतो. शिवाय चढणारा माणूस लागतो, तो आता मिळत नाही. हुमले (झाडावरचे तांबडे मुंगळे) चावतात, पाय सरकतो, जोखीम खरी आहे. शेंडा छाटून झाड ठेंगणं ठेवलंत तर बरं.

काजू तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी देतो, हे मान्य. पण ढेकण्या (मोहोर-पालवीचा रस शोषणारी कीड) पडला की फवारणी आलीच, आणि काका त्या फवारणीचे अर्धे पैसे आमच्याकडे मागतात.

म्हणून खड्डे मारायच्या आधी एक करा. सातबारा सामायिक असेल तर वाटणी करून घ्या आणि कुठलं झाड कुणाचं ते लेखी ठेवा. आमची सुरंगी तोडताना माझ्या वडिलांना कुणी विचारलंही नव्हतं.