टूनाच्या डब्यातलं तेल आणि बाकीचे प्रश्न

मागच्या वेळी सुक्या बांगड्यावर लिहिलं आणि पत्रं आली ती डब्यातल्या टूनाची. आपल्याकडे कुपा, गेदर म्हणून बाजारात येतो त्याच घराण्यातला हा मासा. पण डब्यात गेला की त्याचे नियम बदलतात, आणि बहुतेक पत्रांमधला घोळ तिथेच आहे.

मुलगा शिकायला जर्मनीत आहे. फोनवर सांगून त्याच्याकडून तेलातल्या टूनाचं मालवणी कालवण करवून घेतलं. चव बरी होती म्हणाला, पण माशाचा चोथा झाला. काय चुकलं? (कणकवली)

तुम्ही त्याला ताज्या बांगड्याची कृती सांगितलीत. डब्यातला टूना कच्चा नसतो. बहुतेक कारखान्यांत तो आधी वाफेवर शिजवतात, काटे-कातडं काढतात, तेलासकट डब्यात भरून डबा सील करतात आणि मग बंद डबाच दाबाखाली ११५ ते १२१ अंश सेल्सिअसवर पुन्हा तापवतात. तुमच्या मुलाच्या पातेल्यात पडला तेव्हा तो दोनदा शिजून आलेला होता. तिसऱ्यांदा रटरटवल्यावर चोथाच होणार.

रश्श्याचा नाद सोडा, त्याला सुकं करायला सांगा. डब्यातलंच दोन चमचे तेल कढईत घ्यायचं. त्यात माशाचं पाणी उतरलेलं असतं, ते तडतडतं, म्हणून आच मंद. बारीक चिरलेला कांदा चांगला लाल होऊ द्यायचा, मग आलं-लसूण, हळद, मालवणी मसाला, दोन-तीन आमसुलं आणि मूठभर खोबरं. मसाला पूर्ण शिजला, तेल सुटलं, की शेवटी टूना घालायचा. उलथण्याने एकदाच हलवायचं, दोन मिनिटं झाकण ठेवायचं आणि गॅस बंद. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून, कारण डब्यात ते आधीच असतं. तिरफळं मिळाली तर बहार, पण तिकडे ती कुठून मिळायची! उरलंसुरलं दुसऱ्या दिवशी पोळीत गुंडाळून न्यावं. मला विचाराल तर ते पहिल्या दिवसापेक्षा चांगलं लागतं.

आम्ही दुबईत टूना उघडला की तेल पिळून सिंकमध्ये ओततो. बरोबर ना? (दुबई)

आधी डब्यावर तेल कोणतं आहे ते वाचा. ऑलिव्ह असेल तर ओतताना माझा हात थरथरेल. सूर्यफूल किंवा सोयाबीनचं असेल तर तेवढा जीव जाणार नाही, पण तेही वापरण्याजोगं असतं. माशातले ओमेगा-३ आणि ड जीवनसत्त्व तेलात विरघळतात, त्यामुळे पिळलेल्या तेलाबरोबर त्यांचा काही वाटा जातो. पाण्यातल्या टूनाचं पाणी ओतलं तर हे नुकसान फारसं होत नाही.

उष्मांकाची काळजी असेल तर निथळून घ्या. निथळलेल्या १०० ग्रॅम तेलातल्या टूनात साधारण २०० कॅलरी, पाण्यातल्यात त्याच्या जवळपास निम्म्या. मधला मार्ग म्हणजे तेल वाटीत काढून त्यातच फोडणी करायची आणि वेगळं तेल घालायचंच नाही. उकडलेल्या बटाट्यावर हे तेल, लिंबू आणि मिरपूड घालून पाहा. पुरी तळायला मात्र घेऊ नका, घरभर वास सुटेल. आणि सिंकमध्ये तर मुळीच नको, नळी तुंबते. नकोच असेल तर कागदाला टिपून कचऱ्यात टाका.

अर्धा डबा उरला. वर तेलाचा थर आहे, म्हणजे लोणच्यासारखा बाहेर टिकेल ना? (ठाणे)

नाही. हा प्रश्न तीन जणांनी विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लोणचं टिकतं ते मिठामुळे आणि आंबटपणामुळे. वरचं तेल फक्त हवा अडवतं, बुरशीला वर येऊ देत नाही. टूनात तेवढं मीठ नसतं, आंबटपणा तर नसतोच. उलट बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढतात तेच हवा नसलेल्या जागी. सीलबंद डबा टिकतो तो तेलामुळे नाही, आतल्या जंतूंच्या बीजांसकट सगळं उष्णतेने मारलेलं असतं म्हणून. डबा उघडलात की ते संरक्षण संपलं. त्या क्षणापासून तो काल रात्रीच्या कालवणासारखा समजा.

उरलेला टूना तेलासकट काचेच्या किंवा झाकणाच्या डब्यात काढा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. उघड्या पत्र्यात ठेवला तर धातूची चव लागते. ऑलिव्ह तेल फ्रिजमध्ये गोठून पांढरट दिसतं, त्यात बिघडलेलं काही नसतं. ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहिला असेल तर टाकून द्या. एप्रिल-मेच्या उकाड्यात एकच तास धरा.

एवढी कडक भाषा का, तर आपल्याकडे ‘बांगडा बाधला’ म्हणतात ना, त्यातला एक प्रकार टूनातही होतो. दोघे एकाच कुळातले. उबेत राहिलं की त्यांच्या मांसात जंतूंमुळे हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. पुन्हा उकळून हिस्टामिन जात नाही, आणि मासा नासल्याचा वास येईलच असंही नाही. जीभ चुरचुरली, मिरी खाल्ल्यासारखं वाटलं, तर तिथेच थांबा.

डब्यात काचेचे बारीक तुकडे सापडले! तक्रार करू का? (पुणे)

आधी एक तुकडा कोमट व्हिनेगरमध्ये टाका. काही मिनिटांत विरघळू लागला तर ते स्ट्रुव्हाइट, माशातल्याच क्षारांचे स्फटिक. दिसतात हुबेहूब काचेसारखे, पण निरुपद्रवी. तसाच राहिला तर मात्र खरोखर काच समजा, डबा जपून ठेवा आणि तक्रार करा.

सुनेला दिवस गेलेत. टूना चालेल? (नाशिक)

प्रश्न पाऱ्याचा आहे. मोठ्या, जास्त जगलेल्या माशांत तो साठतो. डब्यावर ‘लाइट’ किंवा ‘स्किपजॅक’ असेल तर पारा कमी, ‘व्हाइट’ किंवा ‘अल्बाकोर’ असेल तर साधारण तिप्पट. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्ल्यानुसार गरोदर बाईने लाइट टूना आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे ११५ ग्रॅम खायला हरकत नाही. अल्बाकोर एकदाच, आणि त्या आठवड्यात दुसरी मासळी नको. तरी तिच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

पावसाळ्यात डब्यांना गंज चढलाय, एक चेपलाही आहे. (रत्नागिरी)

बोटाने पुसून निघणारा गंज चालतो. पत्र्याला खड्डे पडले असतील तर टाका. मधोमध किरकोळ चेपलेला चालेल. चेप शिवणीवर किंवा कडेवर असेल, धार असलेला खोल असेल, तर नको. डबा फुगला असेल किंवा उघडताना कारंजं उडालं, तर चव घेऊन पाहायच्या भानगडीत पडू नका. वर सांगितलेल्या बोट्युलिझमच्या विषाला चव नसते, वासही नसतो. पिशवीत घट्ट बांधून टाका, मांजराला घालू नका.